पटसंख्या अकरा : वाडीची शाळा बंद करायची की दुरुस्त करायची?

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा डोक्यात फक्त दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मेसच्या जेवणातून आठ दिवस सुटका, आणि दुसरी म्हणजे राहिलेलं सबमिशन. पण एस.टी.तून उतरून वाडीची चढण चढत होतो तोच वाटेत थोरल्या काकू भेटल्या. डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच म्हणाल्या, "इंजनेर, बरं झालं आलास. आपली शाळा उचलून खालच्या गावात नेत्यात म्हणं. तूच सांग आता, शाळा काय उचलून नेता येती व्हय?"

आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या कुशीत आहे. घरं चाळीस, पण त्यातली निम्मी कुलूपबंद, कारण माणसं मुंबईला. शाळा पहिली ते चौथी, खोल्या दोन, शिक्षक दोन आणि मुलं अकरा. खालच्या गावातली केंद्रशाळा चार किलोमीटरवर. मध्ये एक ओढा, जो उन्हाळ्यात कोरडा ठक्क आणि श्रावणात बैलालाही न जुमानणारा. शाळेच्या मागच्या भिंतीला तडा गेलाय, कौलं फुटलीत, इमारत धोकादायक आहे आणि मुलंही कमी आहेत, म्हणून ही मुलं खालच्या शाळेत 'समायोजित' करावीत असं पत्र आलं होतं. गावात दोन तट पडले होते. दोन्ही तटांतली माणसं माझ्याच नात्यातली, आणि दोघांनाही वाटत होतं की सिव्हिलला शिकणारा पोरगा आपल्याच बाजूने बोलणार.

मी तेव्हा काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर मला काही कळतच नव्हतं. मग ठरवलं, की हा प्रश्न आपण प्रोजेक्टसारखा अभ्यासायचा. त्या अभ्यासात जे सापडलं ते या लेखात मांडतो आहे. आपल्या हॉस्टेलवरची निम्मी मुलं अशाच शाळांतून आलेली आहेत, त्यामुळे प्रश्न फक्त माझ्या वाडीचा नाही.

प्रश्न केवढा आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात 'समूह शाळा' हा शब्द गाजू लागला. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत एकत्र करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवण्यात आले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही नमुन्याची उदाहरणं म्हणून पुढे ठेवली गेली. त्या वेळी जाहीर झालेले आकडे असे होते : अशा शाळा १४ हजार ७८३, त्यांत शिकणारी मुलं १ लाख ८५ हजार ४६७ आणि शिक्षक २९ हजार ७०७. कॅल्क्युलेटर काढा. एका शाळेत सरासरी साडेबारा मुलं, दोन शिक्षक, म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुलं. पुढे वाद पेटला तेव्हा 'शाळा बंद करण्याचा हेतू नाही' असं शासनातर्फे सांगण्यात आलं. पण त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झालेला लोकांच्या लक्षात होता, त्यामुळे विश्वास बसायला वेळ लागला.

हा प्रकार आपल्याकडेच आहे असंही नाही. राजस्थानात २०१४ साली सुमारे १७ हजार शाळांचं विलीनीकरण झालं, आणि त्यातल्या काही नंतर पुन्हा वेगळ्या कराव्या लागल्या. उत्तर प्रदेशात २०२५ साली असाच वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण मुळात एवढ्या छोट्या शाळा आल्या कुठून? त्या चुकून झालेल्या नाहीत. 'शाळा मुलाच्या दाराशी गेली पाहिजे' हे धोरण होतं. २००० सालानंतर आपल्याकडे वस्तीशाळा निघाल्या, २००१ पासून सर्व शिक्षा अभियानातून खोल्या बांधल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणी हे बांधकाम ग्राम शिक्षण समितीनेच करून घेतलं. आमच्या शाळेची दुसरी खोली अशीच झाली. वाळू आबांनी स्वतः बैलगाडीने ओढली होती, आणि ते हे प्रत्येक ग्रामसभेत सांगतात. मग शाळा आली, पण मुलं गेली. कुणी मुंबईला गेली, कुणी इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसून तालुक्याला. शिवाय आता घरटी मुलंच एक-दोन.

एकत्र करा म्हणणाऱ्यांचं काय म्हणणं?

सुरुवातीला मला ही बाजू म्हणजे सरळसरळ पैसे वाचवण्याची वाटत होती. पण खालच्या गावातल्या माझ्या मामांनी (ते स्वतः शिक्षक आहेत) मला अर्धा तास बसवून झापलं. म्हणाले, "तू चौथीत होतास तेव्हा वर्गात नऊ जण होता. आत्ता तुमच्या वाडीत तिसरीत एकच मुलगी आहे. एकटी! तिनं गटात काम कुणाबरोबर करायचं? खो-खो कुणाशी खेळायचा? पहिला नंबर तिचाच आणि शेवटचा नंबर पण तिचाच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक शिक्षक दोन-दोन वर्ग एका खोलीत शिकवतो. दुसरे गुरुजी मीटिंगला, नाहीतर माहिती भरायला गेले की चारही वर्ग एकाच्याच गळ्यात. ग्रंथालय म्हणजे एक पेटी. मोठ्या शाळेत वर्गाला शिक्षक मिळतो, मैदान मिळतं, विज्ञानाचं साहित्य मिळतं, आणि मुख्य म्हणजे सोबती मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही ही अडचण मान्य केली आहे. त्यात दिलेल्या आकड्यांनुसार २०१६-१७ मध्ये देशात १ लाख ८ हजारांवर शाळा एकशिक्षकी होत्या.

पण त्याच धोरणातलं पुढचं म्हणणं फारसं कुणी सांगत नाही. शाळा एकत्र करणं हा पर्याय अतिशय विचारपूर्वक, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्यावर परिणाम होत नसेल तरच वापरावा, असं ते सांगतं. त्याऐवजी 'शाळा संकुल' सुचवलेलं आहे. म्हणजे छोट्या शाळा जागेवरच राहतील, पण एका मोठ्या शाळेभोवती जोडल्या जातील आणि चित्रकलेचे, खेळाचे शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय सगळ्यांत मिळून वापरलं जाईल. ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगापासूनची आहे. एकूण, 'समूह' या शब्दाचे दोन अर्थ निघतात. एकात मुलं हलतात, दुसऱ्यात साधनं हलतात.

राहू द्या म्हणणाऱ्यांचं काय म्हणणं?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. त्याखालच्या महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. अर्थात अर्धाच नियम सांगणं बरोबर नाही. त्याच नियमात शाळा काढण्यासाठी परिसरात किमान २० मुलं असावीत असंही आहे. पण जिथे शाळा देता येत नाही तिथे मोफत वाहतुकीची किंवा निवासाची सोय करणं हेही शासनावर आहे. सोय आधी, समायोजन नंतर.

चार किलोमीटर म्हणजे आपल्याला काय? हॉस्टेलवरून स्टँडवर चहा प्यायला जाऊन येतो. पण पहिलीतलं पोर फार तर ताशी तीन किलोमीटर चालतं. म्हणजे जाताना एक तास वीस मिनिटं, येताना चढण असल्यामुळे जास्तच. रोजचे जवळजवळ तीन तास. पाठीवर दप्तर, डोक्यावर इरलं, आणि मध्ये तो ओढा.

काकूंनी एका वाक्यात सांगितलं ते कुठल्याच नियमात नाही. "पोराला धाडंल बाप कसंबी, पर पोरीला ओढा वलांडून कोण धाडणार? ती चार महिने घरी बसंल, आन् पाचव्या महिन्यात तिचं नाव काढत्याल." तिसरीतली ती एकटी मुलगी काकूंची नात आहे, हे इथे सांगायला हवं.

२०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत मोर्चा काढला होता. शाळा लांब गेली तर आम्ही बकऱ्याच राखणार, मग बकऱ्या तरी द्या, असा त्याचा सरळ अर्थ. पेपरात वाचून आपण हसलो असू. वाडीत बसून वाचलं की हसू येत नाही.

आणि छोटी शाळा म्हणजे वाईट शाळा हे समीकरणही बरोबर नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत पडकी होती. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरून बंद पडण्याच्या टोकावर होती. शिक्षक आणि गावकऱ्यांनी ती उभी केली, आणि २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. शाळा सुधारली की गेलेली मुलंही परत येतात, एवढं यावरून नक्की म्हणता येईल.

तडा गेला म्हणजे इमारत गेली का?

आता आपल्या विषयाकडे येऊ. नाताळच्या आसपास चार दिवस काढून मी आणि माझे दोन रूममेट वाडीवर गेलो. बरोबर टेप, ओळंबा, पाणसळ आणि बॅटरी एवढंच. पत्रात इमारत 'धोकादायक' होती, पण ती कशामुळे आणि कुठे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

धोक्याची चेष्टा करायची नाही, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेची इमारत कोसळून तीन मुलं गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात. त्यामुळे 'आमच्या बापजाद्यांनी बांधलीय, काय होत नाही' हा युक्तिवाद आम्ही पहिल्याच दिवशी बाद केला.

जुनी खोली दगडी, मातीच्या दर्ज्यांची, वर लाकडी वासे आणि कौलं. नवी खोली विटांची, वर स्लॅब. पाहताना आम्ही तीन गोष्टी वेगळ्या केल्या.

पहिली, तड्याचा प्रकार. गिलाव्यावरचा केसाएवढा तडा आणि भिंतीतून आरपार गेलेला तडा यांत फरक आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून पायाकडे रुंद होणारा तडा असेल तर पाया खचल्याचा संशय घ्यायचा. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवायची. पट्टी फुटली म्हणजे भिंत अजून हलतेय. आमची पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायची ठरली.

दुसरी, पाणी. मागच्या भिंतीला ओल होती, कारण पागोळ्यांचं पाणी थेट पायात मुरत होतं. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला चरच नव्हता. तडा त्याच भिंतीला होता, हा योगायोग नाही. रोग पाण्याचा होता, भिंतीला फक्त त्याचं लक्षण दिसत होतं.

तिसरी, भूकंप. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्याकडे आजही 'त्या साली' म्हणून सांगतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला दगड-मातीच्या जाड भिंती का फुटल्या हे आपण शिकतो. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधणारे आरपार दगड नव्हते, त्यामुळे थर सुटून बाहेर पडले. आमच्या जुन्या खोलीतही असे दगड दिसले नाहीत. अशा भिंतींचं मजबुतीकरण करता येतं. ठरावीक अंतरावर भिंतीत भोक पाडून सळई घालून काँक्रीटचे आरपार सांधे द्यायचे, छताखाली चारी बाजूंनी पट्टा फिरवायचा, वासे भिंतीशी बांधायचे. आय.एस. १३९३५ हे मानक याच विषयाचं आहे. लायब्ररीत आहे, धूळ झटकून बघा.

आमचा निष्कर्ष असा निघाला : जुनी खोली आहे तशी वापरण्याजोगी नाही, तिथली मुलं लगेच बाहेर काढावीत. पण ती पाडायचीही गरज नाही. नवी खोली प्रथमदर्शनी ठीक. अर्थात आम्ही तिसऱ्या वर्षाची पोरं. आमच्या सहीला काही किंमत नाही, म्हणून रीतसर स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी करावी, असं शेवटी लिहून दिलं.

हिशेब, आणि सरांचा एक प्रश्न

परत आल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने हिशेब मांडला. वाहन सकाळी रिकामं वर येणार, भरून खाली जाणार, संध्याकाळी उलट. म्हणजे दिवसाला १६ किलोमीटर. प्राथमिकला वर्षाचे किमान २०० दिवस, म्हणजे ३२०० किलोमीटर. किलोमीटरला २० रुपये धरले तर वर्षाला ६४ हजार, दहा वर्षांत ६ लाख ४० हजार. भाडेवाढ धरलेलीच नाही. समोर दुरुस्ती समजा ४ लाख, एकदाच. म्हणजे सव्वासहा वर्षांत दुरुस्तीचे पैसे वसूल! इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्सच्या पेपरात पूर्ण मार्क.

सरांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "यात पगार कुठंय?"

आम्ही गप्प. दोन शिक्षकांच्या वर्षभराच्या पगारापुढे वाहन काय आणि कौलं काय, सगळंच किरकोळ. शाळा एकत्र केल्याने जी बचत होते ती इमारतीची नसते, शिक्षकांच्या जागांची असते. त्या दिवशी मला कळलं की गावात सगळे भिंतीवर भांडत होते आणि खरा प्रश्न भिंतीचा नव्हताच. भिंत फक्त दिसते, म्हणून तिच्यावर बोललं जातं.

मग प्रश्न असा उरतो : अकरा मुलांसाठी दोन शिक्षक, ही उधळपट्टी आहे का? कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरलेले आहेत. तिथे कमीत कमी किती मुलं हे लिहिलेलं नाही. मला स्वतःला वाटतं, की डोंगरात वीज नेताना आपण एका खांबामागे किती घरं हे बघतो, पण घरं कमी म्हणून त्यांना अंधारात ठेवत नाही. दुर्गम भागाचा खर्च जास्त येतो, तो राज्याने उचलायचा असतो. पण हे माझं मत झालं. ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान 'इमारत धोकादायक' या पडद्याआडून न बोलता 'शिक्षक परवडत नाहीत' असं सरळ म्हणावं. म्हणजे चर्चा तरी खऱ्या प्रश्नावर होईल.

ग्रामसभेत काय झालं?

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी पाच मिनिटं बोललो. पाय लटपटत होते, व्हायवाला लटपटतात तसेच. दोन्ही बाजूंचं खरं काय ते सांगितलं. जुनी खोली धोक्याची आहे असं म्हटल्यावर आबा रागावले. एकट्या मुलीचं शिक्षण अवघड आहे असं म्हटल्यावर काकूंनी तोंड फिरवलं. मग आम्ही तिघांनी मिळून लिहिलेला प्रस्ताव वाचला :

१. पहिली ते चौथी वाडीतच राहावी. लहान मुलाला अंतर झेपत नाही. पाचवीपासून खालच्या शाळेत जावं, तिथे वाहनाची सोय असावी.

२. आठवड्यातून एक दिवस वाडीच्या मुलांना खालच्या शाळेत न्यावं, म्हणजे खेळ, गाणी, प्रयोग आणि सोबती मिळतील. पावसाळ्यात खालच्या शिक्षकांनी वर यावं.

३. जुनी खोली ऑडिट होईपर्यंत बंद. सगळी मुलं नव्या खोलीत.

४. तरीही शाळा हलवायचीच असेल तर आधी एक पूर्ण पावसाळा वाहन चालवून दाखवावं. ते किती दिवस आलं नाही याची नोंद वाडीने ठेवावी. नव्या पुलाची चाचणी झाल्याशिवाय जुना पूल कुणी पाडत नाही.

ठराव मंजूर झाला. चौथ्या कलमावर टाळ्याही पडल्या. आबा शेवटी म्हणाले, "खोली बंद ठेवा, पर पाडू नका. वाळू मी वाहिलीय." कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमची वाळू नव्या खोलीत हाय." सगळे हसले, आबाही.

आज काय स्थिती आहे?

मे महिन्यात वर्गणी आणि श्रमदानातून आम्ही मागच्या बाजूचा चर खणला, पागोळ्यांना पन्हळ लावला, नव्या खोलीच्या दाराला उतार केला. मजबुतीकरणाला पैसे नाहीत, ऑडिटची वाट बघतोय. जूनला शाळा उघडली. मुलं अकरा नव्हती, दहा होती. एक कुटुंब मुंबईला गेलं. काचेची पट्टी अजून शाबूत आहे, पण पावसाळा अजून संपायचाय. पुढच्या वर्षी पत्र पुन्हा येणार हे सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा मित्रांनो, एकच विनंती. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की आपल्या जुन्या शाळेत एक चक्कर मारा. तडे बघा, पाणी कुठे मुरतं बघा, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का बघा, गुरुजींना दोन शब्द विचारा, आणि सगळं एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, कारण खेड्यातल्या मुलाला पुढचं शिक्षण गावात मिळत नव्हतं. आज आपणही हॉस्टेलवर राहतोच आहोत. पण आपण घर सोडलं ते अठराव्या वर्षी, स्वतःच्या पायांवर. सहा वर्षांच्या पोराला रोज ओढा ओलांडायला लावण्याआधी कुणीतरी त्या ओढ्याची रुंदी तरी मोजलेली असावी.

आम्ही मोजली. श्रावणात ती सव्वीस फूट असते.

— तृतीय वर्ष, स्थापत्य